आडात आहे, पण पोहऱ्यात नाही

कपड्यांच्या मोठ्या दुकानात गिऱ्हाईक निळ्या शर्टाचं ४० नंबरचं माप मागतं. मांडणीवर ३८ आहे, ४२ आहे, मधलं तेवढं नाही. काउंटरवरचा संगणक दोन नग शिल्लक असल्याचं सांगतो. मदतनीस आत जातो, पाच मिनिटांनी रिकाम्या हाताने परत येतो आणि ‘संपलंय’ म्हणतो. ते दोन शर्ट खरोखर संपले असतील, मागच्या खोलीत न उघडलेल्या खोक्यात असतील, ट्रायल रूमच्या खुंटीवर लटकत असतील, नाहीतर भलत्याच मापाच्या गठ्ठ्यात घडी होऊन बसले असतील. यातलं नेमकं काय झालं, हे त्या दुकानात कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. मोठ्या दुकानांचं दुखणं याच्या उलट आहे. आडात पाणी असतं आणि तरी पोहरा रिकामा वर येतो.

रेडिओ लहरींनी वस्तूची ओळख पटवणारं आरएफआयडी हे तंत्र या दुखण्यावरचा उपाय आहे. पण त्याची ओळख करून देताना सहसा दुसऱ्याच दोन गोष्टी पुढे केल्या जातात. एक म्हणजे ते चोर पकडतं, आणि दुसरी म्हणजे ते बिलाची रांग संपवतं. दोन्हीत तथ्य आहे, पण दोन्ही दुय्यम आहेत. गेल्या वीस-बावीस वर्षांत हे तंत्र जिथे रुजलं आणि जिथे फसलं, त्या जागा शेजारी ठेवून पाहिल्या तर वेगळंच चित्र दिसतं. आरएफआयडी हे मोजदादीचं साधन आहे. दुकानाला स्वतःचा माल कळावा एवढ्यासाठी ते वापरलं तिथे त्याने खर्च भरून काढला. बाकीच्या अपेक्षा लादल्या तिथे ते पेललं नाही. आणि ते मोजदादीचं साधन आहे हे एकदा मान्य केलं, की त्याची हद्दही आपोआप ठरते. मोजदाद दुकानाच्या दारात संपते, म्हणून वस्तूवर लावलेल्या टॅगचं कामही तिथेच संपायला हवं.

संगणक आणि बारकोड असताना दुकानाला आपला माल ठाऊक नसतो, हे अनेकांना पटणार नाही. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगमचं पाकीट बारकोडवरून पहिल्यांदा विकलं गेलं. तेव्हापासून विक्रीचा हिशेब चोख झाला, यात शंका नाही. पण बारकोड वस्तूची जात सांगतो, वस्तू सांगत नाही. ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी क्रमांक अमुक कंपनीचा, अमुक रंगाचा, अमुक मापाचा शर्ट एवढंच बोलतो. तसे शंभर शर्ट असतील तर शंभरांचा बारकोड एकच. आता एक साधा प्रसंग घ्या. गिऱ्हाईक एकाच किमतीचे तीन टी-शर्ट आणतं, लाल, निळा आणि हिरवा. घाईच्या वेळी काउंटरवरचा माणूस लाल उचलतो आणि तोच तीनदा स्कॅन करतो. बिल रुपयाला रुपया बरोबर येतं. गिऱ्हाइकाची तक्रार नाही, गल्ल्यात तूट नाही. पण साठ्याच्या नोंदीत लाल दोनने कमी झाला, आणि निळा व हिरवा एकेकाने जास्त राहिला. एका बिलात तीन नोंदी बिघडल्या आणि कुणाला पत्ताही लागला नाही.

पुढे काय होतं ते अधिक महत्त्वाचं आहे. निळ्याचा तो एक नग आता फक्त संगणकात आहे. मांडणीवरचे निळे संपतात, पण संगणकाच्या लेखी एक शिल्लक असल्यामुळे तो नवा माल मागवत नाही. निळा विकला जात नाही कारण तो नाही, आणि तो मागवला जात नाही कारण तो ‘आहे’. वार्षिक मोजदाद होईपर्यंत ही गाठ सुटत नाही. निकोल डिहोरेशस आणि अनंत रामन या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका कंपनीच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३ लाख ७० हजार साठानोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळल्या नाहीत. कंपनी आधुनिक होती, संगणक होते, बारकोड होते. त्याआधी २००२ मध्ये थॉमस ग्रुएन आणि डॅनियल कॉर्स्टेन यांनी जगभरातल्या अभ्यासांची सांगड घालून दाखवलं होतं, की दुकानात मागितलेली वस्तू मांडणीवर नसण्याचं प्रमाण सरासरी ८.३ टक्के असतं. आणि त्याची बहुतेक कारणं कारखान्यात किंवा वाटेत नसतात, खुद्द दुकानात असतात. चुकीची मागणी, चुकीची नोंद, आणि मागच्या खोलीत पडून राहिलेला माल.

मोजदाद वरचेवर का करत नाहीत, याचं उत्तर साध्या गुणाकारात आहे. दुकानात ३० हजार कपडे आहेत आणि एकेक लेबल शोधून, सरळ करून, स्कॅनरसमोर धरायला चार सेकंद लागतात असं धरलं, तर निव्वळ स्कॅनिंगचे तेहतीस तास होतात. म्हणून हे काम वर्षातून एकदा-दोनदा, दुकान बंद ठेवून किंवा रात्र जागून केलं जातं. पहाटे पेंगुळलेल्या डोळ्यांनी केलेली मोजदाद किती अचूक असेल, हे वेगळं सांगायला नको. पूर्वीचा व्यापारी दिवाळीला वहीपूजन करून नवी वही सुरू करायचा, आजचा ३१ मार्चला साठा मोजतो. दोन्ही रीतींत एका हिशेबापासून दुसऱ्यापर्यंत वर्षभराचा काळ जातो, आणि चुका मात्र रोज होतात.

आता टॅगकडे येऊ. अशा दुकानातल्या कपड्याचं जाडसर लेबल उजेडासमोर धरलं तर आत एक चंदेरी नक्षी दिसते. नागमोडी वळणं घेत गेलेली अॅल्युमिनियमची पातळ पट्टी, आणि तिच्या मधोमध तिळापेक्षाही लहान काळा ठिपका. ठिपका म्हणजे चिप, आणि नक्षी म्हणजे तिचा अँटेना. वळणं सजावटीसाठी नाहीत. भारतात या कामासाठी राखलेल्या लहरी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या आहेत आणि त्यांची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर भरते. अँटेना त्याच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे वीतभर असेल तर उत्तम चालतो. पण लेबल बोटभर, म्हणून पट्टी दुमडून दुमडून बसवावी लागते. आत बॅटरी नसते. रीडर नावाचं यंत्र लहरी सोडतं, अँटेना त्यातली कणभर ऊर्जा टिपतो, आणि सुमारे दहा मायक्रोवॅट एवढ्याशा शक्तीवर चिप जागी होते. स्वतःचा संदेश पाठवण्याइतकी ताकद तिच्यात नसते. अंगणात मूल आरशाचा तुकडा हलवून भिंतीवर कवडसा नाचवतं, तसं ती करते. ऊन सूर्याचं, मुलाचा फक्त हात. रीडरच्याच लहरी कधी जास्त, कधी कमी परतवून चिप आपला क्रमांक कळवते. परावर्तित शक्तीने असं बोलता येईल हे हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्येच एका शोधनिबंधात मांडलं होतं. ते एवढ्याशा चिपमध्ये बसवायला मात्र अर्धशतक लागलं. मराठी वाचकाला हे तंत्र परकं नाही. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच कुळातला, याच लहरींवर चालणारा आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर तो सक्तीचा झाला, तेव्हापासून आरएफआयडी घरोघरी पोचलं आहे.

चिपच्या क्रमांकात खरी मेख आहे. तो ९६ बिटांचा असतो. त्यात कंपनी आणि वस्तूचा प्रकार तर असतोच, शिवाय ३८ बिट त्या एका नगाच्या अनुक्रमांकासाठी ठेवलेले असतात. म्हणजे एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या २७ हजार कोटींहून अधिक शर्टांना वेगवेगळे क्रमांक देता येतात. लाल शर्ट तीनदा मोजला जाण्याची चूक इथे होऊच शकत नाही, कारण एक क्रमांक दुसऱ्यांदा आला तर तो तोच शर्ट आहे हे यंत्राला कळतं.

पण शेकडो टॅग एकाच वेळी बोलू लागले तर गोंगाट होईल, त्याचं काय? यावरचा तोडगा मला या साऱ्या तंत्रातला सगळ्यात देखणा भाग वाटतो. रीडर आधी घोषणा करतो, की प्रत्येकाने शून्य ते २५५ पैकी कुठलाही एक आकडा मनात धरा. ज्याचा आकडा शून्य, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी रीडरच्या प्रत्येक पुढच्या इशाऱ्याला आपल्या आकड्यातून एक वजा करायचा आणि शून्यावर आला की तोंड उघडायचं. दोघं एकदम बोलले तर रीडरला काहीच समजत नाही, मग त्या दोघांना पुढच्या फेरीत संधी मिळते. ज्याचा क्रमांक नोंदला गेला, तो त्या मोजणीपुरता गप्प बसतो. टॅग जास्त असतील तर रीडर आकड्यांची मर्यादा वाढवतो, कमी असतील तर घटवतो. वर्गात हजेरी घेणाऱ्या शिक्षकाकडे पटावर नावं असतात. इथे नावं आधी माहीत नसतानाच हजेरी घ्यायची आहे, आणि ती सेकंदाला शेकडोंच्या वेगाने पुरी होते. या युक्तीचं मूळ हवाई विद्यापीठातल्या ‘अलोहा’ प्रकल्पात आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडताना ही पद्धत काढली होती.

दुकानासाठी आरएफआयडीचा विचार सुरू झाला तोही न सापडणाऱ्या वस्तूपासूनच. केविन अॅश्टन हे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत सौंदर्यप्रसाधनांचं काम पाहत होते. एका विशिष्ट छटेची लिपस्टिक दुकानाच्या फळीवर पुन्हा पुन्हा नसते आणि गोदामात मात्र असते, हे त्यांना सतावत होतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ‘ऑटो-आयडी सेंटर’ सुरू झालं, तिथे त्यांच्यासोबत डेव्हिड ब्रॉक आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी संजय सरमा होते. चिप हुशार करू नका, ती शक्य तितकी अडाणी ठेवा, हा या मंडळींचा कळीचा विचार होता. चिपमध्ये फक्त क्रमांक असावा, त्याची सारी माहिती संगणकांच्या जाळ्यात राहावी. चिप जितकी साधी तितकी लहान, जितकी लहान तितकी स्वस्त. एक टॅग पाच अमेरिकी सेंटमध्ये बनवायचा, हे त्यांचं उद्दिष्ट होतं. त्या वेळी ते अशक्यप्राय वाटत होतं. आज मोठ्या प्रमाणावर घेतलेला टॅग त्या किमतीच्या आसपास मिळतो.

मग आला अमेरिकेतल्या वॉलमार्ट या दुकानसाखळीचा प्रयोग, आणि त्याचं अपयश समजून घेण्याजोगं आहे. जून २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या सर्वांत मोठ्या शंभर पुरवठादारांना सांगितलं, की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि मालाच्या थप्प्यांवर टॅग हवेत. जगभर गाजावाजा झाला, बारकोडचे दिवस भरले अशी भाकितं झाली. काही वर्षांत हा आग्रह थंडावला. कारण टॅगचा खर्च पुरवठादाराच्या माथी होता आणि फायदा दुकानाच्या पदरात. शिवाय टॅग खोक्यावर होता, वस्तूवर नव्हता. खोकं फुटलं की मोजदाद संपली. तरीही त्या अपुऱ्या प्रयोगातही एक गोष्ट हाती लागली. आर्कान्सा विद्यापीठाने २००५ मध्ये २९ आठवडे बारा टॅगवाल्या आणि बारा बिनटॅगच्या दुकानांची तुलना केली. रीडर मागच्या खोलीच्या दारावर आणि रिकामी खोकी चेपणाऱ्या यंत्राजवळ बसवले होते. खोकं आत आहे पण बाहेर आलेलं नाही, हे त्यामुळे कळायचं आणि काय बाहेर आणायचं याची यादी निघायची. तेवढ्यावर फळ्या रिकाम्या राहण्याचं प्रमाण १६ टक्क्यांनी घटलं. इथे ना चोर पकडला गेला होता, ना रांग घटली होती. ‘आहे ते कुठे आहे’ या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं, एवढ्याचीच ती कमाई होती.

यातून शहाणपण घेऊन हे तंत्र कपड्यांकडे वळलं आणि तिथे रुजलं. कपड्यांत मापं आणि रंग यांचा गुणाकार होतो. एका शर्टाचे पाच रंग आणि सहा मापं म्हणजे तीस प्रकार, आणि अशा दोनशे शर्टांचे सहा हजार. त्यातलं एक माप नसलं तर त्या गिऱ्हाइकापुरतं दुकान रिकामं. शिवाय कापड लहरींना अडवत नाही, आणि शर्टाच्या किमतीपुढे टॅगची किंमत नगण्य ठरते. वॉलमार्टनेही २०१० मध्ये पुन्हा सुरुवात केली ती जीन्स आणि अंतर्वस्त्रांपासून, आणि या वेळी टॅग प्रत्येक नगाला होता. झाराची मालक कंपनी इंडिटेक्सने २०१४ मध्ये हा बदल जाहीर केला, जपानच्या युनिक्लोने २०१७ पासून सगळ्या कपड्यांना टॅग लावायला घेतले, आणि फ्रान्सच्या डेकॅथलॉनने तर खेळाच्या जवळजवळ सगळ्या सामानाला. भारतातल्या डेकॅथलॉनमध्ये बिलाच्या जागी एक खोलगट पेटी असते. सामान तिच्यात टाकलं की सगळ्या वस्तू एकदम पडद्यावर उमटतात. गिऱ्हाइकाला तेवढीच जादू दिसते. पण जी मोजदाद वर्षातून एकदा रात्र जागून व्हायची, ती हातातला रीडर मांडण्यांवरून फिरवत दुकान उघडण्यापूर्वी आटोपता येते, आणि दर आठवड्याला करता येते. ती पेटी या मोजदादीच्या पोटी जन्मलेली सोय आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की बारकोड नीट वापरला तर हा खटाटोप कशाला? कामगारांना शिस्त लावा, प्रत्येक नग स्कॅन करायला सांगा. शिवाय आता क्यूआरसारखे चौकोनी कोड आले आहेत, त्यांत नगाचा स्वतंत्र क्रमांकही मावतो. हे सगळं बरोबर आहे, आणि औषधांसारख्या मालाला असे कोडच योग्य आहेत. सोन्याच्या दागिन्यावर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक बंधनकारक झाला, तोही नगाला स्वतंत्र ओळख देण्याचाच प्रकार. पण कोड कुठलाही असो, तो डोळ्यांसमोर यावा लागतो. खोक्यातला, घडीतला, गठ्ठ्याच्या तळचा कोड दिसत नाही. अडचण ओळखीची नव्हतीच, तेहतीस तासांची होती. आणि एकेक करून पाहायचं म्हटलं की ते तेहतीस तास परत येतात. सराफी पेढ्यांना हे फार आधी उमगलं. रोज रात्री दागिना न दागिना मोजून तिजोरीत ठेवावा लागतो, म्हणून चिमुकले टॅग आणि ट्रे वाचणारी यंत्रं आपल्याकडे तिथेही पोचली आहेत.

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: हे तंत्र सगळीकडे चालत नाही. पाणी या लहरी शोषून घेतं आणि धातू त्या परतवतो. तेलाचे पत्र्याचे डबे, सरबताच्या बाटल्या, चकचकीत वेष्टनातली बिस्किटं, दह्याचे डबे या सगळ्यांशी आरएफआयडीचं फारसं जमत नाही. पाच रुपयांच्या पुड्यावर काही रुपयांचा टॅग लावणं तर व्यवहारातच बसत नाही. अमेरिकेतल्या क्रोगर या किराणा साखळीने २०२४ मध्ये बेकरीच्या मालाला टॅग लावण्याचं जाहीर केलं, पण तिथे कारण वेगळं आहे. पाव शिळा होण्याआधी विकला जावा किंवा हलवला जावा, यासाठी कुठला कधीचा हे कळणं गरजेचं असतं. नासाडी वाचली तर टॅगचे पैसे निघतात. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला याची गरज नाही. चार फळ्यांवरचा माल मालकाच्या डोळ्यांखाली असतो, आणि साबण संपत आला की घाऊक व्यापाऱ्याला फोन जातो. डोळ्यांना आणि आठवणीला जिथे दुकान आवरत नाही, तिथूनच या तंत्राचं काम सुरू होतं. त्यातही ते सर्वज्ञ नाही. भिंतीपलीकडचा माल अलीकडचा समजून वाचला जातो, खच्चून भरलेल्या खोक्यातला एखादा टॅग सुटतो. आणि सगळं बरोबर वाचलं तरी यादीत आलेला शर्ट मागच्या खोलीतून उचलून मांडणीवर आणायला माणूसच लागतो.

माणसांचा विषय निघालाच आहे तर चोरीबद्दलही बोलायला हवं. धातूचं अस्तर लावलेली पिशवी वापरणाऱ्या सराईत चोराला हा टॅग फारसा अडवू शकत नाही. त्याचा उपयोग अन्यत्र आहे. वर्षाअखेरीस माल कमी भरला, की संशय सगळ्यांत आधी विक्री करणाऱ्या मुलामुलींवर जातो. तो माल चोरीला गेला, मुळातच कमी आला, की तीन रंगांच्या बिलात हरवला, हे वर्षानंतर कुणालाही सिद्ध करता येत नाही. दर आठवड्याची नगवार मोजदाद असेल तर काय, कधी आणि कुठून कमी झालं हे कळतं, आणि निरपराध माणसावरचं किटाळ टळतं. मला हा फायदा विक्रीवाढीइतकाच मोलाचा वाटतो. काउंटरवरच्या नोकऱ्या मात्र घटतील, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. चार काउंटरांच्या जागी आपोआप बिल करणाऱ्या पेट्या आल्या की तिथे चार माणसं लागणार नाहीत. मोजदादीतून वाचलेले तास कंपनी गिऱ्हाइकाच्या मदतीसाठी वापरते की पगार वाचवण्यासाठी, हे टॅग ठरवत नाही, मालक ठरवतो. त्यासाठी मालकालाच जाब विचारला पाहिजे.

सगळ्यांत गंभीर आक्षेप खासगीपणाचा आहे. २००३ मध्ये बेनेटन कंपनीच्या कपड्यांत टॅग बसणार अशी बातमी आली, तेव्हा अमेरिकेतल्या ग्राहक कार्यकर्त्यांनी बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या टेस्को दुकानात दाढीची पाती उचलली की उचलणाऱ्याचा फोटो निघेल अशी फळी बसवली होती, त्यावरही निदर्शनं झाली. या लोकांना तंत्र समजत नव्हतं असं म्हणून चालणार नाही. टॅगला बॅटरी नाही, तो काही मीटरपर्यंतच वाचला जातो, अंगाला चिकटलेला असला तर त्याहूनही कमी, हे सगळं खरं. त्यात नाव-पत्ता नसतो हेही खरं. पण तो क्रमांक जगात एकमेव असतो, आणि त्या जातीचा कुठलाही रीडर तो वाचू शकतो. आपल्याकडे काउंटरवर बिलासाठी मोबाइल नंबर मागण्याची पद्धत आहे. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानांनी त्याची सक्ती करू नये असं बजावलं, तरी विचारणा थांबलेली नाही. शर्टाचा एकमेव क्रमांक आणि माणसाचा मोबाइल नंबर एकाच बिलात आले, की तो शर्ट त्या माणसाचं ओळखपत्र होऊ शकतो. पुढच्या वेळी तोच शर्ट घालून तो दारातून आत आला, तर कोण आलं हे दुकानाला न विचारता कळू शकेल. तसं कुणी करत असेलच असं नाही. पण करता येईल अशी सोय ठेवायची कशाला?

सुदैवाने उत्तर तंत्रातच आहे. टॅग कायमचा निकामी करण्याची आज्ञा २००४ च्या मानकापासून त्यात आहे. ३२ बिटांचा परवलीचा आकडा दिला की टॅग पुन्हा कधीच बोलत नाही. युरोपीय आयोगाने १२ मे २००९ च्या शिफारशीत म्हटलं, की दुकानात टॅग असल्याची स्पष्ट सूचना असावी, आणि ग्राहकाने ठेवा म्हटल्याशिवाय किंवा धोका नसल्याचं तपासल्याशिवाय विक्रीच्या वेळी तो बंद करावा. झाराने २०१४ मध्ये निवडलेला मार्ग तर फारच सरळ होता. चिप चोरीरोधक टणक बिल्ल्यात बसवलेली, बिल झालं की बिल्ला काउंटरवर निघणार आणि पुढच्या कपड्याला लागणार. टॅग दुकानाचा, तो दुकानातच राहिला. खर्च वाचला, कचरा वाचला आणि गिऱ्हाईक मोकळं झालं. अलीकडे ही कंपनी कपड्यातच बसणाऱ्या मऊ टॅगकडे वळली आहे, बिल्ला काढण्याचा वेळ वाचावा म्हणून. माझ्या मते हे पाऊल मागे पडलं आहे. दरवर्षी अब्जावधी टॅग एकदाच वापरून टाकले जातात. कागद, प्लॅस्टिकची झिल्ली, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन एकमेकांना चिकटलेले, वेगळे करायला अवघड. मोजदादीसाठी आणलेली वस्तू मोजदाद संपल्यावर कचऱ्यात किंवा गिऱ्हाइकाच्या शिवणीत जाण्याचं कारण नाही.

टॅगचं काम तो दुकानात असतो तेवढ्यापुरतं, आणि तिथे ते जरूर करून घ्यावं. काही टॅग गिऱ्हाइकाला उपयोगी पडतात, जसं बिलाशिवाय वस्तू बदलून देणं किंवा अस्सलपणा पटवणं, असं कंपन्या सांगतात. तसं असेल तर विचारून ठेवावा. न विचारता राहिलेला टॅग ही सोय म्हणता येत नाही. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला आहे, आणि त्याचा गाभा संमती हाच आहे. टॅगचा क्रमांक ग्राहकाच्या मोबाइल नंबराशी जोडला जात असेल, तर ती संमती काउंटरवरच, मराठी येणाऱ्याला मराठीत, मागितली गेली पाहिजे. दुकानांनी दारावर एक ओळीची पाटी लावावी आणि टॅग काढून घ्यायला काउंटरवर कात्री ठेवावी. तोवर, नव्या कपड्याच्या शिवणीत जाडसर पांढरी पट्टी सापडली तर ती उजेडासमोर धरून पाहा. आत चंदेरी नक्षी दिसली, तर धुण्याआधी ती कापून टाका. कपड्याला काहीही होत नाही.